महाविद्यालयाचे प्रवेशद्वार आणि माध्यमिक शाळेची चार वर्षे : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

माध्यमिक शाळेतील वर्षे ही स्वतंत्र शिक्षणाची वर्षे मानावयाची, की पुढील महाविद्यालयीन प्रवेशाच्या तयारीची, हा प्रश्न आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालांच्या दिवसांत दरवर्षी चर्चिला जातो. ही चर्चा बहुधा वर्तमानापुरती मर्यादित राहते. वस्तुतः या प्रश्नाला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा सर्वाधिक तपशील अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपलब्ध आहे. तेथील हायस्कूल चार वर्षांचे असते. नववी ते बारावी या चार वर्षांत कोणते विषय घ्यावयाचे, कोणत्या परीक्षा कधी द्यावयाच्या, वर्गाबाहेर काय करावयाचे याचे नियोजन हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या निवडक महाविद्यालयांकडे दृष्टी ठेवून करण्याची रीत तेथील सुशिक्षित कुटुंबांत रूढ झाली आहे. ही रीत कशी निर्माण झाली, तिला पर्याय शोधण्याचे कोणते प्रयत्न झाले आणि ते का टिकले नाहीत, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. समारोपात महाराष्ट्रातील अनुभवाशी त्याची थोडक्यात तुलना केली आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे दोन संकल्पनांत भेद केला आहे. पहिली 'पात्रता' व दुसरी 'निवड'. पात्रतेची अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो. निवडीत मात्र पात्र ठरलेल्यांपैकीही अनेकांना नाकारले जाते. अमेरिकेतील प्रवेशाचा इतिहास हा मुख्यतः पात्रतेकडून निवडीकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे.

पात्रतेचा काळ : भाषांची अट आणि शाळांची कोंडी

बोस्टन लॅटिन स्कूल १६३५ मध्ये आणि हार्वर्ड महाविद्यालय १६३६ मध्ये स्थापन झाले. हार्वर्डच्या आरंभीच्या नियमांनुसार सिसेरोसारख्या लेखकाचे लॅटिन गद्य विनासायास समजणे, लॅटिनमध्ये रचना करता येणे आणि ग्रीक नामे व क्रियापदे चालविता येणे एवढे प्रवेशासाठी आवश्यक होते. परिणामतः लॅटिन शाळेचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या दारावरच निश्चित झाला. पुढे अंकगणित, भूगोल, बीजगणित, इतिहास असे विषय एकेक करून प्रवेशाच्या यादीत समाविष्ट झाले. महाविद्यालयाने विषय मागावा आणि शाळेने तो शिकवावा, हा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अबाधित राहिला.

अडचण निराळीच होती. प्रत्येक महाविद्यालयाची यादी वेगळी होती. एकाला सिसेरोची अमुक भाषणे हवीत, तर दुसऱ्याला तमुक. एकाला ग्रीकचा आग्रह, तर दुसरे आधुनिक भाषा चालवून घेई. शिवाय परीक्षा प्रत्येक महाविद्यालय आपापली घेत असे. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमीच्या मुख्याध्यापकांनी १८८५ मध्ये केलेली तक्रार शिक्षणेतिहासात प्रसिद्ध आहे. पुढील वर्षी महाविद्यालयात जाऊ इच्छिणारे विद्यार्थी चाळीसच्या वर आणि त्यांच्यासाठी चालवावे लागणारे अंतिम वर्षाचे वर्ग वीसहून अधिक, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे सरासरीने दोन विद्यार्थ्यांमागे एक वर्ग! सुस्थित खासगी शाळेची ही अवस्था, तर सार्वजनिक शाळांची कल्पना करता येते.

या कोंडीवर दोन मार्ग निघाले. मिशिगन विद्यापीठाने १८७१ पासून प्रमाणन पद्धती स्वीकारली. विद्यापीठाचे प्राध्यापक शाळेला भेट देत, अध्यापन पाहत आणि शाळा समाधानकारक वाटल्यास तिच्या पदवीधरांना परीक्षेविना प्रवेश देत. येथे विद्यार्थ्याऐवजी शाळेची परीक्षा होत असे. पश्चिमेकडील व मध्यभागातील राज्य विद्यापीठांनी हा मार्ग अनुसरला. पूर्वेकडील जुन्या महाविद्यालयांनी मात्र परीक्षा सोडली नाही. त्यांनी ती एकत्र घेण्याचे ठरविले. त्यातून १९०० मध्ये महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळ, म्हणजे आजचे 'कॉलेज बोर्ड', उदयास आले. जून १९०१ मध्ये झालेल्या त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले.

दहा जणांची समिती आणि 'एकक'

या दोन घटनांच्या मध्ये एक महत्त्वाचा अहवाल आहे. राष्ट्रीय शिक्षण संघटनेने १८९२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती नेमली. शाळा व महाविद्यालय यांतील संबंध सुसंगत करणे हे तिचे काम होते. समितीने अभिजात, लॅटिन-विज्ञान, आधुनिक भाषा आणि इंग्रजी असे चार अभ्यासक्रम सुचविले. तिच्या शिफारशींतील सर्वांत मूलगामी मुद्दा असा, की शाळेत शिकविला जाणारा प्रत्येक विषय सर्व विद्यार्थ्यांना सारख्याच पद्धतीने शिकविला जावा. विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जाणार की कामधंद्याला लागणार, यावरून त्यात भेद करू नये. माध्यमिक शाळेचे मुख्य कार्य जीवनाची तयारी हे आहे आणि तो अभ्यास नीट झाला असेल तर महाविद्यालयाने तोच प्रवेशासाठी पुरेसा मानावा, असे समितीचे प्रतिपादन होते.

समितीवर नंतर झालेली टीका अशी, की जीवनाची तयारी म्हणून तिने सुचविलेला अभ्यासक्रम प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या तयारीचाच होता. ही टीका सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. तथापि तत्त्व म्हणून समितीची भूमिका उल्लेखनीय आहे. भारतातील हंटर आयोगाने १८८२ मध्ये नेमका उलट सल्ला दिला होता. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत एक शाखा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यावहारिक स्वरूपाची असावी, अशी त्याची शिफारस होती. दोन्ही देशांत कागदावरील तत्त्वापेक्षा महाविद्यालयाच्या वाटेचे आकर्षणच प्रबळ ठरले, हे विशेष.

मोजमापाचा प्रश्न १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने सोडविला, तोही अनपेक्षित रीतीने. महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणे हे या प्रतिष्ठानाचे काम होते. परंतु 'महाविद्यालय' कोणाला म्हणावे हे आधी ठरविणे भाग होते. प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील किमान चौदा 'एकके' मागणारी संस्था ती महाविद्यालय, अशी अट त्याने घातली. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी महाविद्यालयांनी ही अट स्वीकारली आणि महाविद्यालयांसाठी शाळांनी. हायस्कूलची चार वर्षे अशा रीतीने एककांच्या हिशेबात बसविली गेली. 'चार वर्षांचे नियोजन' या आजच्या कल्पनेचा सांगाडा येथे तयार झाला.

येथवरच्या सर्व व्यवस्था पात्रतेच्या होत्या, हे लक्षात घ्यावयास हवे. अटी पूर्ण करणाऱ्याला हार्वर्ड किंवा येल येथेही प्रवेश मिळत असे. कित्येकांना एखाद्या विषयातील उणीव पुढे भरून काढण्याच्या अटीवरही घेतले जाई.

निवडीचा उगम : १९२० चे दशक

१८९० मध्ये माध्यमिक वयोगटातील जेमतेम सात टक्के मुले-मुली हायस्कूलमध्ये होती. १९३० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. महाविद्यालयांकडे येणारा ओघ त्यामुळे वाढला. परंतु केवळ संख्या वाढली म्हणून निवड सुरू झाली, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले प्रवेशपरीक्षांत चांगले यश मिळवू लागली होती. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नवागत विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास पोहोचले. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी त्यावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. पण १९२६ पर्यंत त्याच हेतूची दुसरी व्यवस्था अस्तित्वात आली. परीक्षेतील यशाबरोबर 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' यांचा विचार होऊ लागला. अर्जात वडिलांचे नाव पूर्वी बदलले होते काय, अशी पृच्छा येऊ लागली. छायाचित्र मागविले जाऊ लागले. मुलाखत, शिफारसपत्र, खेळ व अन्य उपक्रम यांना महत्त्व आले.

आज 'सर्वांगीण मूल्यमापन' या नावाने जी पद्धती ओळखली जाते, तिचा उगम या बहिष्कारात आहे, हे जेरोम काराबेल यांच्या २००५ मधील संशोधनाने विस्ताराने दाखविले आहे. उगम दूषित असला म्हणून पद्धती सर्वकाळ त्याच हेतूने वापरली गेली, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढे हीच लवचिकता कृष्णवर्णीय व अन्य वंचित विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठीही उपयोगी पडली. मात्र एक गोष्ट कायमची बदलली. निकष पूर्णपणे उघड नसल्यामुळे विद्यार्थ्याला आपली तयारी पुरेशी झाली, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

याच दशकात, २३ जून १९२६ रोजी, प्रिन्स्टनमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली अभिक्षमता चाचणी, म्हणजे 'सॅट', प्रथम घेण्यात आली. ८,०४० विद्यार्थी तिला बसले. शाळेत काय शिकविले यापेक्षा अंगभूत क्षमता मोजावी, हा तिचा दावा होता. ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये वंशश्रेष्ठत्वाला पूरक ठरणारा ग्रंथ लिहिला होता आणि १९३० मध्ये त्यातील निष्कर्ष त्यांनी स्वतःच मागे घेतले. हार्वर्डचे पुढील अध्यक्ष जेम्स कोनंट यांना मात्र या चाचणीत लोकशाहीचे साधन दिसले. दूरच्या राज्यांतील सामान्य शाळांतून हुशार मुले शोधण्यासाठी १९३४ पासूनच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांत तिचा वापर झाला. शाळेच्या नियोजनातून मुक्त अशी कसोटी म्हणून आलेली ही चाचणी पुढे स्वतंत्र शिकवणीचा विषय झाली, हा इतिहासाचा उपरोध होय.

आठ वर्षांचा प्रयोग

प्रवेशाच्या अटी काढून घेतल्या तर काय होईल? हा प्रश्न अमेरिकेत एकदा खरोखरीच प्रयोगाने तपासला गेला. पुरोगामी शिक्षण संघटनेने १९३० मध्ये शाळा-महाविद्यालय संबंधांविषयी आयोग नेमला. विल्फर्ड एकिन हे त्याचे अध्यक्ष होते. तीनशेच्या आसपास महाविद्यालयांनी निवडलेल्या तीस शाळांच्या विद्यार्थ्यांबाबत एककांची व विषयांची अट शिथिल करण्याचे मान्य केले. १९३३ मध्ये काम सुरू झाले. काही शाळांनी किरकोळ बदल केले. काहींनी विषयांच्या भिंती पाडून समाज, आरोग्य, कला, विज्ञान यांना जोडणारे अभ्यासक्रम रचले. १९३६ पासून या शाळांतील विद्यार्थी महाविद्यालयांत दाखल होऊ लागले.

मूल्यमापनाचे काम राल्फ टायलर यांच्याकडे होते. प्रायोगिक शाळेतून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वय, लिंग, वंश, अभिक्षमता व कौटुंबिक पार्श्वभूमी यांत जुळणारा पारंपरिक शाळेतील विद्यार्थी निवडण्यात आला. अशा १,४७५ जोड्यांचा अभ्यास झाला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की प्रायोगिक शाळांतील विद्यार्थी महाविद्यालयीन गुणांत किंचित सरस ठरले. परकीय भाषा वगळता कोणत्याही क्षेत्रात ते मागे नव्हते. जिज्ञासा, स्वतंत्र विचार व सार्वजनिक कामातील सहभाग यांत ते पुढे होते. विशेष म्हणजे, ज्या शाळांनी रूढ अभ्यासक्रमापासून सर्वाधिक फारकत घेतली होती, त्यांचे विद्यार्थी अधिक ठळकपणे सरस ठरले.

या प्रयोगाच्या मर्यादा होत्या. सहभागी शाळांत सुस्थित खासगी शाळांचा भरणा मोठा होता आणि त्यांतील शिक्षक उत्साही होते. तरीही निष्कर्षांचे वजन कमी नव्हते. मग त्यांचा परिणाम इतका अल्प का झाला? अहवाल महायुद्धाच्या धामधुमीत आला, हे कारण सामान्यतः दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे कारण असे, की प्रयोगाने पात्रतेच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. विशिष्ट विषय न घेताही विद्यार्थी महाविद्यालयात यशस्वी होतो, हे त्याने सिद्ध केले. परंतु युद्धानंतर प्रश्नच बदलला होता. जागा थोड्या आणि लायक उमेदवार पुष्कळ, अशा स्थितीत महाविद्यालयाला कोण यशस्वी होईल एवढेच नव्हे, तर यशस्वी होऊ शकणाऱ्यांपैकी कोणाला वगळावे, हे ठरवावयाचे होते. त्या प्रश्नाला आठ वर्षांच्या अभ्यासाजवळ उत्तर नव्हते.

युद्धोत्तर काळ : तयारीला अंत नाही

त्यानंतरच्या घडामोडी या दृष्टीने सुसंगत दिसतात. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना उच्च शिक्षणाची दारे उघडली. १९४७ मध्ये शैक्षणिक चाचणी सेवा ही संस्था स्थापन होऊन 'सॅट'चे संचालन तिच्याकडे गेले. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने हुशार विद्यार्थ्यांना शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकविण्याचे प्रयोग झाले आणि १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ती 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' योजना हाती घेतली. १९५६ मध्ये १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी तिच्या परीक्षांना बसले. २०२३ पर्यंत ही वार्षिक संख्या पंचवीस लाखांवर गेली. हुशार विद्यार्थ्याला पुनरावृत्तीचा कंटाळा येऊ नये म्हणून आरंभिलेली योजना निवडीचे परिमाण झाली. अशा विषयांची संख्या वाढविणे हे हायस्कूलच्या नियोजनातील एक प्रमुख उद्दिष्ट ठरले.

रशियाने १९५७ मध्ये स्पुट्निक सोडल्यानंतर झालेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने शाळांतील मार्गदर्शन व चाचण्यांसाठी निधी दिला. कोनंट यांनी १९५९ च्या आपल्या अहवालात अडीचशे ते तीनशे विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम व्यक्तिशः आखावा, अशी शिफारस केली. चार वर्षांचे नियोजन ही शाळेची जबाबदारी मानली गेली ती येथून. पुढे सार्वजनिक शाळांत समुपदेशकावरील भार वाढत गेला आणि ज्यांना परवडते ती कुटुंबे खासगी सल्लागाराकडे वळली. १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी सुरू केलेल्या समान अर्जामुळे अनेक ठिकाणी अर्ज करणे सुलभ झाले. १९८३ पासून एका वृत्तसाप्ताहिकाने महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अर्ज वाढले, नकार वाढले आणि अधिक नकार देणारे महाविद्यालय अधिक प्रतिष्ठित गणले जाऊ लागले.

२०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश गैरव्यवहारात काही धनिक पालकांनी बनावट क्रीडाप्रावीण्य व चाचणीतील गुण विकत घेतल्याचे न्यायालयांत सिद्ध झाले. २०२० च्या महामारीत बहुतेक निवडक महाविद्यालयांनी चाचणीची अट स्थगित केली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले. चाचणी नसल्यास सामान्य शाळांतील गुणवान विद्यार्थी ओळखणे अधिक कठीण होते, असे त्यांचे म्हणणे पडले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. टेक्सास राज्याने १९९७ मध्ये स्वीकारलेला मार्ग या पार्श्वभूमीवर वेगळा उठून दिसतो. राज्यातील प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत प्रवेशाचा हक्क देणारा तो कायदा होता. ऑस्टिन येथील मुख्य विद्यापीठापुरती ही मर्यादा पुढे आक्रसली. तथापि निवडीचा काही भाग पुन्हा उघड पात्रतेत रूपांतरित करण्याचा तो प्रयत्न होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी होत. मॅट्रिक ही शाळेची अंतिम परीक्षा नसून विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. तरीही शाळेचे वेळापत्रक तिनेच ठरविले. शाळांतील संस्कृत अध्यापनाला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीने दिलेली चालना या संदर्भात आठवते. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ मध्ये ती मिळविली होती. परंतु मॅट्रिक ही कितीही कठीण असली तरी पात्रतेची परीक्षा होती. उत्तीर्ण झालेल्यास महाविद्यालयाचे दार बंद नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियांत्रिकी व वैद्यकीय अभ्यासक्रमांनी आपल्याकडेही निवडीचे युग आणले. टायलर यांचे सहकारी बेंजामिन ब्लूम १९५७ मध्ये भारतात आले व परीक्षा-सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या, हा आठ वर्षांच्या प्रयोगाशी असलेला आपला दूरचा धागा. उद्दिष्टांवर आधारित प्रश्नपत्रिका त्यातून आल्या. मात्र सुधारणा झाली ती प्रश्नपत्रिकेची. प्रवेशाची अट होती तेथेच राहिली. 'लातूर पॅटर्न'ने ग्रामीण भागातील मुलांना शिस्तबद्ध तयारीच्या बळावर ही स्पर्धा जिंकता येते, हे दाखवून दिले, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पुढे देशव्यापी प्रवेशपरीक्षांचे महत्त्व वाढले तसे शिकवणी वर्गाशी संलग्न, नावापुरते कनिष्ठ महाविद्यालय हा प्रकार बोकाळला. आठवीपासून 'फाउंडेशन' वर्ग सुरू झाले. अकरावी-बारावीचे मराठी, इतिहास आणि प्रयोगशाळाही या गणितात अनावश्यक ठरल्या, हे कनिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांना सांगावयास नको.

समारोप

वरील आढाव्यातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रवेशाची अट ही कधीच तटस्थ नसते. ती मागे जाऊन शाळेचा अभ्यासक्रम लिहिते. दुसरा, शाळेला मुक्त करण्यासाठी आणलेली प्रत्येक सुधारणा, मग ते एकक असो, अभिक्षमता चाचणी असो वा सर्वांगीण मूल्यमापन, काही वर्षांत नव्या तयारीचा विषय झाली. याचा दोष विद्यार्थ्यांना वा पालकांना देणे उचित नाही. पात्रतेची तयारी कोठेतरी संपते, निवडीची संपत नाही. तेव्हा जागांची टंचाई कायम ठेवून केवळ मापदंड बदलल्याने ओझे हलके होत नाही. तिसरा, ओझे समान वाटले जात नाही. ज्या घरात नियोजनाचे ज्ञान, पैसा व वेळ आहे, त्या घरास प्रत्येक नवा मापदंड लवकर वश होतो.

महाविद्यालयीन अध्यापकांना यात एक विशिष्ट भूमिका आहे. आठ वर्षांच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या उत्तरापेक्षाही त्याच्या पद्धतीत होते. ज्यांना प्रवेश दिला त्यांचे पुढे काय झाले, हे महाविद्यालयांनी जोड्या लावून तपासले. आपल्याकडे प्रत्येक महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळचे गुण आणि पदवीच्या वेळचे गुण उपलब्ध असतात. विद्यार्थ्यांची शाळा, माध्यम व गाव यांची नोंदही असते. या नोंदींचा मेळ घालून आपण लावलेली प्रवेशाची अट खरोखर काय ओळखते, याचा अभ्यास विभागवार करता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची वा आयोगाची गरज नाही. अशा अभ्यासाने जागांची टंचाई दूर होणार नाही. पण जी अट निष्कारण शाळेवर भार टाकते, ती कोणती एवढे तरी आधाराने सांगता येईल, आणि ती शिथिल करण्याचा आग्रह विद्यापीठांच्या मंडळांत धरता येईल.